स्वागताध्यक्षांचे भाषण : इचलकरंजी



पंचगंगेकाठच्या या वस्त्रनगरीत आपलं मनापासून स्वागत. गाण्याच्या दुनियेला हे गाव बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे ठाऊक आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. आमचं आपटे वाचन मंदिर बघितल्याशिवाय कुणी परत जायचं नाही. पण आज मला नाव घ्यायचंय विठ्ठलराव दातारांचं. १९०४ साली त्यांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुंबई-सोलापुरात तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते. चार माग टाकून साध्या माणसानं प्रपंच उभा करायचा, ही वाट मात्र आम्हाला दातारांनी दाखवली. आज कुठल्याही गल्लीत शिरा. तुटलेला धागा पापणी लवायच्या आत गाठ मारून जोडणारा कारागीर दिसेल. दातारांचं नाव नव्या पिढीला माहीत नाही, याची मला खंत वाटते.

आयातशुल्काचा अधिकार कायदेमंडळाकडे असावा का, हा आपल्या या परिषदेचा विषय; माग चालवणाऱ्या आमच्या गावालाही तो थेट भिडतो. अमेरिकेच्या राज्यघटनेनं तो काँग्रेसलाच दिलाय. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यात तिथल्या खासदारांनी आपापल्या भागातल्या मालासाठी दर चढवत नेले, हे खरं. १९३४ पासून तो अधिकार अध्यक्षांकडे सरकत गेला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे अध्यक्षांच्या आदेशानं आपल्या मालावर आधी २५ टक्के आणि वीस दिवसांत आणखी २५ टक्के बसले. विधेयक आलं असतं तर सुनावण्या झाल्या असत्या, सूत किती उचलायचं ते ठरवायला निर्यातदाराला उसंत मिळाली असती. बँकेचं कर्ज काढून बिनधोट्याचे माग घेणाऱ्याला हप्ते फिटेपर्यंतचा अंदाज लागतो. आपल्या मध्यवर्ती कायदेमंडळानं १९२४ मध्ये पोलादाला संरक्षण दिलं, ते टॅरिफ बोर्डाची चौकशी होऊन आणि मुदत घालून. मला ती रीत पटते.

उतरण्याची सोय मंगल कार्यालयांत केली आहे, खोल्या अपुऱ्या पडल्या. पाणी टँकरनं आणलंय. रात्रपाळीच्या मागांचा आवाज झोपेत येईल, सांभाळून घ्या. सूत व्यापारी, सायझिंगवाले, प्रोसेसवाले यांनी सढळ हातानं देणग्या दिल्या. आणि मजुरीवर कापड विणून देणाऱ्या आमच्या खर्चीवाल्यांनी मंदीतही वर्गणी काढून दोन्ही वेळच्या जेवणाचा भार उचलला; त्यांच्यापुढे मी हात जोडतो. जेवणाची पहिली पंगत साडेबाराला बसेल. परिषदेच्या अध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.