वहिवाट म्हणजे न्याय नव्हे



जमिनीच्या खटल्यात पक्षकार सांगतात, "ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे." बांधाच्या वादात हा पुरावा चालतो. परंतु माणसाने माणसावर गाजविलेल्या सत्तेलाही तो चालावा काय? हा प्रश्न १७९० साली एका इंग्रज स्त्रीने विचारला.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. राजे, सरदार आणि धर्मपीठ यांचे अधिकार पूर्वजांच्या वारशाने आले, म्हणून ते जपले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. त्याच महिन्यात मेरी वॉल्स्टनक्राफ्ट यांनी 'मानवी हक्कांचे समर्थन' या पुस्तकाने त्यांना उत्तर दिले. पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचे नावही नव्हते. या बाईंनी आयर्लंडातील एका उमराव घराण्यात मुलींना शिकविण्याची नोकरी केली होती. थोरामोठ्यांचे घर त्यांनी आतून पाहिले होते. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: अन्याय जुना झाला म्हणून तो न्याय ठरत नाही. हक्क पूर्वजांच्या दप्तरातून येत नाहीत; विवेकबुद्धी असलेला प्रत्येक मनुष्य ते जन्मतःच घेऊन येतो.

ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाजारातील स्त्रिया भाकरीसाठी व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या होत्या. बर्क यांनी राणीच्या अपमानाबद्दल शोक केला आणि त्या स्त्रियांना नीच ठरविले. वॉल्स्टनक्राफ्ट यांनी त्यांना दाखवून दिले की, या बाया भाजी आणि मासळी विकून पोट भरणाऱ्या, शिक्षणाचा लाभ कधीच न मिळालेल्या होत्या.

खरी कसोटी पुढेच लागली. समतेची घोषणा करणाऱ्या फ्रान्समध्ये १७९१ साली तालेरां यांनी शिक्षणाची योजना मांडली. तीत मुलींना सार्वजनिक शाळेत आठ वर्षांच्या वयापर्यंतच जागा होती! १७९२ साली वॉल्स्टनक्राफ्ट यांनी 'स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन' हा ग्रंथ लिहिला आणि तो त्याच तालेरां यांना अर्पण केला. राजाचा दैवी अधिकार आपण नाकारता, तर पतीचा दैवी अधिकार कोणत्या न्यायाने राखता, असा त्यांचा सवाल होता.

१७९७ साली, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी, बाळंतपणानंतर त्या वारल्या.

बंधूंनो, दुसऱ्याचे जन्मजात मोठेपण नाकारणे सोपे आहे. स्वतःचे नाकारणे कठीण. घरी गेल्यावर एवढेच पाहा: मुलीने कोणत्या इयत्तेपर्यंत शिकावे हे आपल्या घरी कोण ठरवितो, आणि कशाच्या आधारावर? "पूर्वीपासून असेच आहे," असे उत्तर आले, तर तो वहिवाटीचा पुरावा झाला. या खटल्यात तो चालत नाही.