डोंगराच्या धारेवरून
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मराठीत एखाद्याला 'धारेवर धरलं' म्हटलं की आता त्याची काही धडगत नाही, असं आपण समजतो. पण धार डोंगरालाही असते. दोन्ही अंगांना उतार आणि मधे चालण्यापुरती माथ्याची पट्टी, ती डोंगराची धार. तिच्यावर झाड नाही, आडोसा नाही, आहे तो फक्त वारा आणि ऊन. अशा एका धारेवर घरच्या मंडळींना घेऊन घालवलेल्या एका दिवसाविषयी मी आज बोलणार आहे.

पुण्याच्या दक्षिणेला कात्रजच्या घाटापासून सिंहगडापर्यंत डोंगरांची सलग रांग गेली आहे. भुलेश्वर रांगेचाच हा भाग. अंतर साधारण पंधरा-सोळा किलोमीटर, आणि वाटेत डझनभर तरी टेकड्या. प्रत्येक चढायची, उतरायची आणि पुन्हा चढायची. गिर्यारोहक मंडळी चांदण्या रात्री ही वाट एका दमात पार करतात. त्यांच्यात तिचं लाडकं नाव 'के टू एस'. ते तरण्या पायांचं काम. आम्ही ठरवलं ते वेगळं होतं. दिवसाउजेडी जायचं, झेपेल तेवढं चालायचं आणि आलो त्याच वाटेनं परत फिरायचं.

आम्ही पाचजण होतो. मी, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझी अडुसष्ट वर्षांची आई. आईला कशाला, असं दोघा-तिघा नातेवाइकांनी विचारलं. खरं म्हणजे बेत आईसाठीच होता. तिचं माहेर या डोंगराच्या दक्षिणेला, शिवगंगेच्या खोऱ्यात. सासर उत्तरेला, धनकवडीत. लग्नाआधी अठरा वर्षं तिनं हा डोंगर एका बाजूनं पाहिला आणि पुढची पन्नास वर्षं दुसऱ्या बाजूनं. माहेरी जायचं ते एसटीनं, घाटातल्या बोगद्यातून. म्हणजे डोंगराच्या पोटातून शेकडो वेळा गेली, पाठीवर मात्र कधी चढली नव्हती. "लहानपणी आम्हाला वाटायचं, या डोंगरापलीकडं पुणं आणि पुण्यापलीकडं काहीच नाही," असं ती मुलांना सांगायची.

डिसेंबरातला रविवार. उजाडता उजाडता आम्ही जुन्या बोगद्यापाशी उतरलो आणि वाघजाईच्या देवळाजवळून वर जाणाऱ्या वाटेला लागलो. माणशी तीन लिटर पाणी, भाकरी-पिठलं, गूळ-शेंगदाणे आणि डोक्याला टोप्या. पाण्याचं ओझं वाटतं खरं, पण पावसाळा सरला की या धारेवर प्यायला पाणी मिळत नाही.

चालण्याचा एकच नियम केला होता. सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे. आपण नेमकं उलट करतो. दमदार माणसं पुढे जाऊन थांबतात, मागचा धापा टाकत येऊन पोहोचला की उठून पुन्हा चालायला लागतात. विश्रांती मिळते ती ज्यांना नको असते त्यांना. त्या दिवशी आई पुढे होती, हातात काठी, आणि तिच्या मागे आम्ही. पहिल्या टेकडीवर मुलगी कुरकुरली. दुसरीवर तिला वाटेकडेची कुसळं, करवंदाच्या जाळ्या, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली कापशी घार, असं एकेक दिसायला लागलं. हळू चालण्याचा हा नफा.

तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर आई थांबली. उजव्या हाताला पुणं पसरलं होतं, धुरकट आणि अफाट. डाव्या हाताला शिवगंगेचं खोरं, त्यामागे राजगड आणि तोरणा, आणि डावीकडे मागे पुरंदर. समोर मनोरे मिरवणारा सिंहगड. आई खोऱ्याकडे बघून आपलं गाव शोधत होती. महामार्ग, त्याच्या कडेची गोदामं, निळ्या पत्र्यांची छपरं यांतून तिला काही खूण लागेना. अखेर नदीच्या एका वळणावरून तिनं गाव ओळखलं. "माणसांनी सगळं बदललं, नदीनं वळण नाही बदललं," एवढंच म्हणाली.

तिथेच मुलानं विचारलं, "आजी, इथं पाऊस पडला तर पाणी कुणाकडं जातं?" आईनं बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं. एक झाकण उत्तरेच्या उतारावर ओतलं, एक दक्षिणेच्या. मधलं अंतर दोन पावलांचं. मग मी दोन्ही पाण्यांचा प्रवास सांगितला. उत्तरेचं पाणी ओढ्यानाल्यांतून कात्रजच्या तळ्यात येतं, तिथून आंबिल ओढ्यानं शहरातून मुठेत, मुठेचं मुळेत आणि मुळा-मुठेचं भीमेत. याच कात्रजचं पाणी अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी भुयारी नळानं पुण्यातल्या हौदांत नेलं होतं. दक्षिणेचं पाणी शिवगंगेत, तिथून गुंजवणीत, मग नीरेत, आणि इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला नीराही भीमेला मिळते. दोन पावलांवर दुरावलेली ही पाणी कित्येक कोसांनी पुन्हा एकत्र येतात. पुढे तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आई हसली. "म्हणजे माहेरचं काय आणि सासरचं काय, दोन्ही पाणी पांडुरंगाच्या पायाशीच की!"

श्रोतेहो, हा विषय नुसत्या गमतीचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या डोंगरांवर मुसळधार पाऊस कोसळला. उत्तरेला आंबिल ओढ्याला पूर आला, घरांत पाणी शिरलं, भिंती पडल्या, माणसं गेली. त्याच रात्री दक्षिणेला खेड-शिवापूर भागातही पाण्यानं झोपलेली माणसं ओढून नेली. आपण खाली राहतो तेव्हा ही दोन ठिकाणं आपल्याला वेगळी वाटतात. एक शहर, एक गाव. एक महापालिका, एक ग्रामपंचायत. धारेवर उभं राहिलं की कळतं, छप्पर एकच आहे आणि त्याच्या दोन पाखांखाली आपण सगळे राहतो. त्या छपरावर गवत आहे तोवर पाणी थोडं थोपतं, थोडं मुरतं. उतार खणून सपाट केला, ओढ्याचं पात्र बुजवलं, उन्हाळ्यात वणवे लावून माथा बोडका केला, तर तेच पाणी एका रात्रीत सगळं हिशेबानं वसूल करतं.

साडेदहाच्या सुमाराला ऊन तापलं. चार टेकड्या झाल्या होत्या. सिंहगड समोरच दिसत होता, आणि मुलीला तिथवर जायचं होतं. पण डोंगरात दिसणं वेगळं आणि पोहोचणं वेगळं. दोन्हींच्या मधे अजून आठ-दहा किलोमीटर आणि पुष्कळ चढ-उतार होते. धाकट्याचे गाल लाल झाले होते, पाणी निम्म्यावर आलं होतं. आम्ही ठरल्याप्रमाणे परत फिरलो. मुलगी रुसली. तेव्हा आई म्हणाली, "गड काय पळून जातोय? आपले गुडघे शाबूत राहिले म्हणजे झालं, पुन्हा येऊ."

परतीच्या वाटेवरच खरी परीक्षा असते. या टेकड्यांच्या उतारांवर सुटा मुरूम असतो, तो पायाखाली सांडलेल्या ज्वारीसारखा घरंगळतो. चढताना माणूस दमतो, पडतो मात्र उतरताना. पावलं आडवी आणि लहान टाकायची, गुडघे किंचित वाकवायचे, आणि फारच घसरण असेल तर सरळ बसून सरकायचं. मुलांना हे शिकवावं लागलं नाही, त्यांना बसून सरकणंच जास्त आवडलं. घरी गेल्यावर विजारींची अवस्था पाहून पत्नी काय म्हणाली, ते नभोवाणीवर सांगण्यासारखं नाही.

ज्यांना घरच्यांसह असं जायचं आहे, त्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. थंडीचे महिने निवडा. पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत माघारी वळा. पाणी निम्मं संपलं की जिथे असाल तिथून परत फिरा. वळवाचा किंवा परतीचा पाऊस असेल, ढग दाटले असतील, लांबवर गडगडाट ऐकू आला तरी धार सोडून लगेच खाली उतरा, कारण उघड्या माथ्यावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. आणि वाळल्या गवतात काडी ओढू नका. एका विडीनं अख्खा डोंगर काळा होतो.

प्रत्येक गावाला एखादी धार असतेच. नाव नसलेली, गड नसलेली, पाटी नसलेली. आपल्या घराच्या खिडकीतून ती रोज दिसत असेल. एखाद्या रविवारी मुलाबाळांना आणि चालू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांना घेऊन तिच्यावर जा. वर पोहोचल्यावर आपलं घर शोधा, मग वळून पलीकडचं गाव पाहा, आणि दोन्हींचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे मुलांना विचारा. उत्तर त्यांना आलं नाही, तर मिळून शोधा. आपल्या डोक्यावरचा डोंगर ज्यांनी पायांनी ओळखला आहे, ती माणसं उद्या तो कुणाला सहजासहजी कापू देणार नाहीत.