गाय गाभडली, नोंद कुठंय?

आज कोडिंग नाही, आज गोठ्याबद्दल बोलणार आहे.

मी नोकरीला पुण्यात, पण घर साखऱ्याला, हिंगोली जिल्ह्यात. चार वर्षांपूर्वी आमच्या एका संकरित गायीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. मेलेलं वासरू आणि वार आबांनी नुसत्या हातानं उचलून उकिरड्यावर टाकली. दोन महिन्यांनी गाय बाजारात विकली. घेणाऱ्याला काही सांगितलं नाही. रोगाचं नाव तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं, पण गाय गाभडली हे तर माहीत होतं ना!

पुढं आबांना ताप सुरू झाला. चढायचा, उतरायचा, रात्री घामानं अंथरूण ओलं. कंबर धरलेली. आधी टायफॉईडचं औषध झालं, मग मलेरियाचं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत का?" रक्त तपासलं, ब्रुसेल्लोसिस निघाला. दोन प्रकारच्या गोळ्या, सहा आठवडे.

याला मराठीत सांसर्गिक गर्भपात म्हणतात. हा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर सैनिकांच्या तापात शोधला; तो शेळीच्या कच्च्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये कळलं. गायीत खरी गोची अशी की एकदा गाभ टाकला की पुढच्या खेपेला बहुतेक गायी नीट वितात. दिसायला ठणठणीत. पण दुधातून आणि वितानाच्या स्रावातून जंतू पडत राहतो. म्हणून तर अशी गाय सहज विकली जाते आणि रोग गाव बदलतो.

मग किती टक्के जनावरांना आहे? मी इंजिनिअर, आकडा शोधायला बसलो. नमुने कुठून घेतले त्यावर सगळं अवलंबून. गाभडलेल्या गोठ्यांतूनच घेतले तर आकडा फुगतो, सरसकट घेतले तर खाली येतो. आणि आमच्यासारखे लोक मुळात सांगतच नाहीत. कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर आहे, त्यावर लस, रेतन सगळं नोंदवता येतं. आमच्या गायीच्या गाभाची नोंद मात्र कुणी दिलीच नाही. लॉगमध्ये एरर नाही म्हणून सिस्टीम बरी चाललीय असं समजणारा मॅनेजर आठवला मला.

काही देशांनी रोगी जनावरं मारून हा रोग संपवला. आपल्याकडे गोहत्याबंदी आहे, आणि शेतकऱ्यालाही ते जमणार नाही. त्यामुळे लस हाच मुख्य आधार. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती फुकट मिळते, पण फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच. लस जिवंत जंतूंची असते, त्यामुळे गाभण गायीला नाही, गोऱ्ह्यालाही नाही. टोचणाऱ्यानंही जपून टोचायची. आणि डेअरीच्या एकत्र दुधाची रिंग टेस्ट होते, सायीवर निळं कडं आलं की समजायचं, या दुधातल्या गायी एकेक तपासायला हव्यात. स्वस्त आहे, पण आमच्या गावात कुणी केलेली मी पाहिली नाही.

आता घरी दूध उकळल्याशिवाय कुणी पीत नाही. वार काढायची तर हातमोजे, आणि खड्ड्यात चुना टाकून पुरायची. परवा कालवडीला लस टोचली.

ती गाय रिसोडकडच्या माणसानं नेली होती. आबांकडे त्याचा नंबर नाही. दर बाजाराला ते चौकशी करतात.