कार्यानुभवाची टोपली
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल' हा विषय दिला होता. तो मी भांडून बदलून घेतला. आयटीतली वाटचाल म्हणजे वीस-बावीस वर्षं खुर्चीत बसणं. त्यात सांगण्यासारखं फार नाही, आणि पाठीचं दुखणं आता तुम्हा सगळ्यांकडेच आहे. त्यापेक्षा सकाळी नोंदणीच्या टेबलावर तुमच्या छातीवर जो बांबूचा बिल्ला लावला, त्याबद्दल बोलते.

आधी एक कबुली. नववीत कार्यानुभवासाठी आपल्याला बांबूची टोपली करून आणायची होती, आठवते? माझी टोपली वर्गात पहिली आली. काही दिवस ती काचेच्या कपाटात होती, खाली माझ्या नावाची चिठ्ठी. ती टोपली मी केलेली नव्हती. बुरूड मोहल्ल्यातून पाच रुपयांना आणली होती. ज्या काकूंनी ती विणली, त्यांची मुलगी आपल्याच वर्गात होती. आईच्या हातची वीण तिनं पाहताक्षणी ओळखली असणार, पण ती एक शब्द बोलली नाही. तिनं स्वतःची टोपली खरोखर स्वतः विणून आणली होती. त्यावर वर्गात कुणीतरी म्हणालं, "हिच्या घरी तर हेच काम, हिच्या आईनंच करून दिली असेल." सगळे हसले. मीही हसले. मॅडम, यात तुमचा काही दोष नाही, तुम्हाला कळायला मार्गच नव्हता.

ती मैत्रीण आज इथे बसली आहे. नाव घेशील तर उठून जाईन, असं तिनं बजावलंय, म्हणून घेत नाही.

आपण सगळे बांबू बघत वाढलो. बल्लारपूरच्या पेपर मिलकडे जाणारे बांबूचे ट्रक आणि त्यांच्यामागे लटकणारी लाल चिंधी आठवत असेल. घरात सूप, दुरडी, धान ठेवायची शेणानं सारवलेली ढोली. त्यामागे कुणाचे तरी हात असतात, हे डोक्यात कधी आलं नाही. अपवाद एकच, आनंदवनची सहल. बाबा आमट्यांनी १९४९ साली सुरू केलेल्या त्या संस्थेत हातमागावर बसलेली माणसं पाहिली, दुकानातून शुभेच्छापत्रं घेतली. बोटं झडलेल्या हातांनी इतकं सुबक काम कसं होतं, यावर मी निबंधही लिहिला. वरोऱ्याला जाऊन जे दिसलं, ते घरामागच्या मोहल्ल्यात दिसलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत ताडोबाला जाताना रस्त्याकडेला एका खोलीचं दुकान दिसलं. बांबूचे ट्रे, दिव्यांची झाकणं, जुन्या साड्यांच्या पिशव्या, चिंध्यांची पायपुसणी, वाकळी. आत ही बसलेली. अकरा बायकांनी मिळून भाड्यानं घेतलेली खोली होती. प्रत्येकीचा माल वेगळा, दुकानात बसायची पाळी ठरलेली. भाडं आणि वीजबिल काढून ज्याच्या त्याच्या विक्रीचे पैसे ज्याला त्याला. हिशेब एका लांब वहीत, प्रत्येक बाईचं एक पान.

मी लगेच इंजिनिअर झाले. दोन रविवार बसून त्यांना ॲप करून दिलं. प्रत्येक वस्तूला कोड, फोटो, शिल्लक किती ते आकड्यात. आठवड्याभरात ते बंद पडलं. कारण साधं होतं. एका फोटोखाली मी 'ट्रे, शिल्लक १४' असं टाकलं होतं, पण ते चौदा ट्रे चौदा प्रकारचे होते. गिऱ्हाईक फोटोतलाच मागायचं. शिवाय कुठला ट्रे कुणाचा हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं, आणि त्यांच्या वहीत तर तेवढंच महत्त्वाचं होतं. वही पुन्हा सुरू झाली. ती आजही चालू आहे.

एवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मी माझ्या कंपनीकडून दिवाळीच्या भेटीसाठी तीनशे ट्रेंची ऑर्डर मिळवली. एकशे ऐंशी रुपयांप्रमाणे चोपन्न हजार, निम्मे आगाऊ. फोनवर मला वाटलं, ही आनंदानं उडीच मारेल. ती म्हणाली, "दिवाळी नको ना. संक्रांतीला देतो. तुमच्या लोकांना वाण म्हणून देता येतील." मी म्हटलं, अगं, कंपनी दिवाळीला भेट देते, संक्रांतीला कोण देतं? तिनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही. शेवटी ती "बरं" म्हणाली.

ते "बरं" म्हणजे काय, हे मला नंतर समजलं. आपल्याकडच्या बायकांचं वर्ष मोहफुलांपासून मोजायचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पाऊस पडला की रोवणी, आणि दिवाळीच्या तोंडावर धानाची कापणी. म्हणजे माझी ऑर्डर अगदी कापणीवर आली. दुसरं म्हणजे बांबू. पावसाळ्यात जंगलातली तोड बंद असते. म्हणून त्यांनी एका शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू घेतला. तो हिरवा आणि पावसाचं पाणी प्यायलेला होता. जुनी माणसं बांबू थंडीत तोडतात, तीन वर्षांहून कोवळा घेत नाहीत, नाल्याच्या वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात. त्यानं आतलं पीठूळ सत्त्व धुऊन जातं. भुंगेऱ्याला तेच सत्त्व हवं असतं. आता बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यातही बुडवतात, पण त्यालाही दिवस लागतात आणि नंतर नीट वाळवावं लागतं. मी दिवस दिलेच नव्हते.

ट्रे वेळेवर आले. देखणे होते, फोटो काढून झाले. डिसेंबरात ऑफिसमधून फोन आला की टेबलांवर पिवळी भुकटी पडते आहे. ट्रेंना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. उरलेलं बिल अडलं. आणि मी काय केलं? तिला फोन करून म्हटलं, "बांबू खराब दिला गं तुम्ही." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी तुला संक्रांत म्हटलं होतं."

उरलेले सत्तावीस हजार शेवटी मी माझ्या खिशातून दिले. पण लगेच नाही. 'कंपनीशी बोलणं चालू आहे' असं म्हणत दोन महिने काढले. मला तेवढे पैसे त्या दोन महिन्यांत जड नव्हते, हे इथे सांगायला हवं. तिकडे अकरातल्या दोघी दुकान सोडून गेल्या. एक आता कंत्राटदाराकडे मजुरीला जाते. ती परत आलेली नाही.

त्यानंतर मी सुट्टीत येऊन नुसतं ऐकायला शिकले. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात एकदा त्यांच्याबरोबर गेले. मानवेल भरीव आणि काटक, कटांग पोकळ आणि काटेरी, एवढं आता मला कळतं. कायद्याचंही वाचलं. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता. वनस्पतिशास्त्रात तो गवत. तोडायला, वाहून न्यायला परवाना लागायचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला तो २००९ साली, आणि आपला बांबू आपण विकायला वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं ते एप्रिल २०११ मध्ये. जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला तो थेट २०१७ साली. आपण संगणकाच्या परीक्षा देत होतो तेव्हा तिच्या घरी कच्चा माल कागदावर मोजून मिळत होता. हे तिनं मला कधी ऐकवलं नाही, मीच हिशेब लावला.

त्या नववीतल्या टोपलीचं सांगायचं राहिलं. ती अजून आईच्या स्वयंपाकघरात आहे, कांदे ठेवायला. काठ एका बाजूनं उसवलाय, पण भोक एकही नाही. काकूंनी बांबू थंडीतला घेतला असणार, आणि चुलीवरच्या धुरात ठेवलेला. मागच्या महिन्यात ती टोपली मी हिला दाखवली. तिनं उलटी करून बूड पाहिलं आणि म्हणाली, "आईच्या हातची आहे. पाच रुपयांत घेतली होती ना तू? तेव्हा सात सांगितले होते तिनं." म्हणजे मी भावही केला होता. ते मी विसरले होते.

आता बिल्ल्यांचं. मेळाव्याची तारीख ठरली ती गेल्या जानेवारीत, आणि त्याच आठवड्यात मी तिला विचारलं, केव्हा जमेल? तिनं महिना सांगितला, तोच आपण धरला. बांबू थंडीतला आहे, मुरवलेला आहे. बिल्ल्यामागे तापल्या तारेनं एक अक्षर उमटवलंय, ते करणाऱ्या बाईचं. पैसे संयोजन समितीनं सगळे आधी दिले. खजिनदार कुरकुरला, पण दिले.

जेवणानंतर व्हरांड्यात त्यांचं टेबल आहे. ट्रे, पिशव्या, आणि आरमोरीच्या कोशाचे थोडे रुमाल. कुणाला कंपनीसाठी, लग्नासाठी मोठी मागणी द्यायची असेल तर माझ्याकडे येऊ नका, तिच्याकडे जा. ती तारीख सांगेल. दिवाळीसाठी हवं असेल तर आत्ताच बोला.

आणि मॅडम, ती नववीतली टोपली मी सोबत आणली आहे. चिठ्ठी बदलायची आहे, तुमच्या हातून.