कपाटातलं इंजिन

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय : प्रयोगशाळेच्या कपाटातलं इंजिन पुन्हा कसं चालू झालं. मी जन्मभर मोटर रिवाइंडिंगचा धंदा केला. म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मला ते आवडलं.

इथे आलेल्या नातवंडांसाठी एक खुलासा करतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात रेल्वे नव्हती. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला तो २६ जानेवारी १९९८ला. त्यामुळे आमच्यातल्या निम्म्या मुलांनी पहिली आगगाडी पाहिली ती कुठल्या स्टेशनात नव्हे, तर जिन्याशेजारच्या प्रयोगशाळेत, टेबलावर. बोटीवर नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ती लिव्हरपूलहून आणून शाळेला दिली होती. सरांनी तिच्यावर आम्हाला मोटर शिकवली. ध्रुव बदलले की गाडी उलटी जाते, हे कुणाला पाठ करावं लागलं नाही. आम्ही शाळा सोडली आणि दोन-तीन वर्षांत ती कपाटात गेली. तेव्हापासून चाळीसहून अधिक पावसाळे तिने तिथेच काढले.

इंजिन हॉर्नबी डब्लो जातीचं आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने ही मालिका १९३८मध्ये काढली. डब्लो म्हणजे डबल ओ, हे त्या मापाचं नाव : एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६. रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. आता गणित करा. इंग्लंडमधल्या खऱ्या रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ७६ने भागलं तर जवळजवळ १९ येतात. म्हणजे आपली गाडी तिच्या रुळांपेक्षा अंगाने जाड आहे! त्या काळची मोटर आत मावायला डबा मोठा लागत होता, म्हणून ही तडजोड. कुशीवर ६९५६७ हा आकडा अजून वाचता येतो. खरी एन-२ इंजिनं लंडनच्या किंग्ज क्रॉसहून उपनगरी गाड्या ओढायची. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जिला मेलगाडी समजत होतो, ती निघाली लोकल.

अशी जुनी गाडी हाती आली की पहिला मोह होतो तो वीज जोडून बघण्याचा. तो आवरायचा. आत घट्ट बसलेली मोटर फिरली नाही, तर वेटोळं तापतं आणि तिथेच जळतं. सरांच्या वेळच्या ट्रान्सफॉर्मरला तर मी प्लगही लावला नाही. वायरीवरचं रबर बोट लागताच गळून पडलं. नवा १२ व्होल्टचा डीसी सप्लाय आणला.

चाकंही हाताने ढकलायची नाहीत. आत वर्म गिअर असतो. मोटर चाकांना फिरवते, चाकं मोटरला फिरवू शकत नाहीत. जोर केला तर दातेच जातात. एक स्क्रू काढून वरचं कवच उचललं. ते जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि धातू अशुद्ध असला तर वर्षानुवर्षांनी फुगून त्याला भेगा जातात. आपलं वाचलंय. आत सगळं वंगण वाळून डिंकासारखं पिवळं झालं होतं. बिघाड म्हणाल तर मुख्यतः एवढाच.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान कोरायच्या कापसाच्या काड्या आणि टूथपिक, या तीन गोष्टींवर दोन संध्याकाळी गेल्या. कॉम्युटेटर पुसायचा, काडी काळी व्हायची थांबेपर्यंत पुसायचा, मग त्याच्या पट्ट्यांमधल्या फटी टूथपिकने कोरायच्या. मल्टिमीटर लावला, दर दोन पट्ट्यांमध्ये रीडिंग सारखं आलं. वेटोळी शाबूत. आर्मेचर मी बाहेर काढलंच नाही. आपले पट्टीचुंबक डब्यात ठेवताना सर टोकांना नरम लोखंडाचे तुकडे लावायला सांगायचे, आठवतं? तेच कारण. जुन्या चुंबकापुढून आर्मेचर उचललं की चुंबकाचा जोर उतरतो.

आणि कार्बन ब्रश काढले, तर दोन्ही वेगळे. एक कंपनीचा. दुसरा जरा लांब, कडक, त्यावर कानशीचे ओरखडे. मी खूप वेळ तो हातात फिरवत बसलो. मग लक्षात आलं : टॉर्चच्या सेलमधली कांडी! कुणीतरी ती घासून, गोल करून, बरोब्बर मापात बसवली होती. सरांना फोन केला. सर म्हणाले, “हे मामांचं काम. नवे ब्रश कुठून आणणार होतो आपण?” मामा म्हणजे आपले प्रयोगशाळेतले शिपाई. त्यांच्या नावाची पाटी शाळेत कुठेही नाही. आपण शिकलो ती मोटर त्यांच्या कांडीवर फिरत होती.

तो ब्रश मी बदलला. कडक कार्बन तांब्याला खातो, आणि भावनेपोटी कॉम्युटेटर झिजवणं मला पटत नाही. पण कांडी टाकली नाही. छोट्या डबीत ठेवून मुख्याध्यापकांकडे दिली आहे.

त्यानंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, तोही सुईच्या टोकाने. इंजिन उताणं धरून हळूहळू व्होल्ट वाढवले. सातच्या आसपास एक झटका, पुन्हा काही नाही, मग गुरगुरत फिरलं. अर्धा तास सुलटं, अर्धा तास उलटं चालवलं. रुळांनी जास्त त्रास दिला. पत्र्याचा पाया असलेले ते तीन पट्ट्यांचे रूळ दमट हवेत गंजले होते. गोल पुरा व्हायला वळणाचे आठ तुकडे लागतात, सहा धड निघाले, दोन जुन्या बाजारातून मागवले. रूळ पुसायला शाळेचा खोडरबर चालतो. पॉलिशपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ साठतो.

आता मतभेदाचं बोलतो. काहींचं म्हणणं आहे की गाडी दर्शनी हॉलमध्ये काचेच्या पेटीत, दिवे लावून ठेवावी. तसं केलंत तर दहा वर्षांनी पुन्हा डिंक होईल आणि तेव्हा मी नसेन. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नववीच्या मुलांनी ती दहा मिनिटं चालवावी. पडेल, आदळेल, चालेल. तेलाची बाटली, सुई आणि ब्रशच्या दोन जोड्या मी कपाटात ठेवल्या आहेत, आणि एक पान लिहून दाराला आतून चिकटवलंय. मामांचं पूर्ण नाव कुणाला माहीत असेल तर त्याच पानावर लिहा, वर जागा सोडली आहे.

चहा झाला की प्रयोगशाळेत या. पहिल्यांदा सर चालवतील. टेबल लहान आहे, म्हणून पाच-पाच जण, आणि कृपया कुणी टेकू नका.