साक्षीदार नव्हे, ग्रंथकार



मुसलमान मराठी लेखकांच्या वाशीतल्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आभार इथेच संपवतो, कारण मला भांडायचं आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांशी भांडायचं आहे, विद्यापीठांशी भांडायचं आहे, आणि आपल्या या मांडवाशीही भांडायचं आहे. ज्यांच्यासाठी भांडायचं, त्यांचं नाव मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी. जन्म १७०४, आजच्या उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातलं बिलग्राम. मृत्यू १७८६. दफन खुलताबादला, कवी अमीर हसन सिज्जी यांच्या कबरीच्या सान्निध्यात. मधली सुमारे ४६ वर्षं त्यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात काढली. तिथेच त्यांनी आपले महत्त्वाचे ग्रंथ लिहिले, शिष्य घडवले आणि प्राण सोडला.

मराठीला हे नाव अगदीच अपरिचित आहे असं नाही. पानिपतावर लिहिणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला त्यांच्या ‘खजाना-ए-आमिरा’ या ग्रंथाकडे यावंच लागतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं आणि हा ग्रंथ १७६२-६३ मध्ये सिद्ध झाला. जखम ओली असताना, दख्खनमध्ये बसलेल्या माणसाने लिहिलेला तो मजकूर आहे. म्हणून आपण काय केलं? त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. सैन्य किती होतं, भाऊसाहेब कसे पडले, अब्दाली काय करत होता, एवढं विचारून घेतलं आणि त्यांना घरी पाठवून दिलं. ‘खजाना-ए-आमिरा’ हा मुळात फारसी कवींचा चरित्रकोश आहे, राजेरजवाड्यांकडून ज्यांना कवितेसाठी बक्षिसी मिळाली अशा कवींचा, हे किती जणांना ठाऊक आहे? कवितेवरच्या ग्रंथातून आपण लढाईची पानं फाडून घेतली आणि कविता परत ठेवून दिली. हा माझा पहिला आरोप आहे.

आता त्या शहराकडे पाहू. १७४० ते १७५३ या काळात औरंगाबादेत अमृतराय मराठीत कटाव रचत होते. त्यांच्या कटावांचा नाद आजही कीर्तनकारांच्या कानात आहे. त्याच शहरात दखनी-उर्दूचे गझलकार सिराज औरंगाबादी राहत होते. आणि त्याच शहरात, पाणचक्कीजवळच्या बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठात, आझाद अरबी आणि फारसीत लिहीत होते. हवा एक, बाजार एक, दुष्काळ एक, मराठे आणि निजाम यांच्या फौजांची धास्तीही एकच. पण या तिघांना आपण तीन वेगळ्या कपाटांत कोंडलं आहे. अमृतराय मराठी विभागात, सिराज उर्दू विभागात आणि आझाद कुठेच नाहीत. ज्या प्रदेशाचा वाङ्मयेतिहास आपण अभिमानाने सांगतो, त्या प्रदेशातल्या एका शहरात एकाच काळात तीन-चार भाषांतले श्रेष्ठ लेखक वावरत होते, हे एकत्रितपणे सांगणारं एक प्रकरण आपल्या अभ्यासक्रमात असू नये? पुढे आझादांच्या हयातीतच मोरोपंत बारामतीत आर्या रचत होते. संस्कृत अलंकारशास्त्राचा धागा बारामतीपर्यंत जातो, हे आम्हाला शिकवलं. तो औरंगाबादेच्या तकियातही गेला होता, हे कुणी शिकवलं नाही.

आणि तो कसा गेला, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. आझादांचा ‘सुब्हतुल मरजान’ हा अरबी ग्रंथ १७६३-६४ च्या सुमारास पूर्ण झाला. त्याचे चार भाग आहेत. पहिल्यात हिंदुस्थानविषयी हदीस आणि कुरआनभाष्यांत जे जे आलं आहे ते त्यांनी गोळा केलं. स्वर्गातून आदम उतरले ते सरनदीपला (श्रीलंकेला), म्हणजे त्यांच्या लेखी हिंदुस्थानच्याच भूमीत, ही परंपरा त्यांनी पुराव्यांसह मांडली. पहिला पैगंबर इथे उतरला, म्हणजे पहिला ईश्वरी संदेशही याच मातीत आला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दुसऱ्या भागात हिंदुस्थानातल्या आलिमांची चरित्रं आहेत. तिसऱ्यात भारतीय काव्यशास्त्रातले अलंकार आहेत. ते त्यांनी अरबीत आणले, त्यांना अरबी नावं दिली आणि स्वतःच्या अरबी कवितेतून उदाहरणं रचली. चौथ्या भागात प्रेम आहे, आणि प्रेमाबरोबर नायिकाभेद, म्हणजे नायिकांच्या प्रकारांचं वर्णन आहे. होय, आपल्या रसशास्त्रातला नायिकाभेद, मदिनेत हदीस शिकून आलेल्या एका सय्यदाने अरबीत लिहिलेला!

हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं? बिलग्रामातून. तिथले मुसलमान कवी ब्रजभाषेत रीतिकाव्य लिहीत होते. ‘अंगदर्पण’ लिहिणारे रसलीन, म्हणजे सय्यद गुलाम नबी, याच गावचे. आझादांचे आजोबा मीर अब्दुल जलील हे मोठे विद्वान, आणि नातू त्यांच्या हाताखाली शिकला. ‘सर्व-ए-आझाद’ या आपल्या चरित्रकोशात त्यांनी फारसी कवींबरोबर हिंदी कवींनाही जागा दिली. ती वहिवाट घेऊन ते दख्खनमध्ये आले.

त्यांचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. १७३७ मध्ये ते हजला निघाले. वाटेत माळवा लागला. तिथे भोपाळला बाजीराव पेशव्यांनी निजामुल्मुल्काला घेरलं होतं. त्या धामधुमीत आझाद निजामाला भेटले, आणि एक रुबाई देऊन हजच्या वाटखर्चाची सोय करून घेतली. मदिनेत त्यांनी मुहम्मद हयात सिंधी यांच्याकडे बुखारीच्या हदीसांचं अध्ययन केलं. याच हयात सिंधींचे दुसरे एक विद्यार्थी म्हणजे नज्दचे मुहम्मद बिन अब्दुल वहाब. एकाच गुरूकडचे हे दोन शिष्य. एकाच्या नावाने पुढे जगभर गाजलेली चळवळ उभी राहिली. दुसऱ्याने सुरतेला उतरून दख्खनची वाट धरली आणि नायिकाभेद अरबीत नेला. ‘इस्लामी विद्वान’ म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांसमोर एकच साचा येतो, त्यांच्यापुढे मी हे दोन शिष्य ठेवतो. साच्यावर विश्वास ठेवणारे आपल्या समाजातही आहेत. माझा हा सवाल त्यांनाही आहे.

औरंगाबादेत त्यांची मैत्री निजामपुत्र नासिरजंगाशी जमली. १७४८ मध्ये नासिरजंग गादीवर आला तेव्हा मित्र म्हणाले, आता मनसब घ्या, हुद्दा घ्या. आझादांनी नकार दिला. त्यांच्या उत्तराचा आधार कुरआनातली तालूतची नदी आहे. तालूत राजाच्या सैनिकांना तिचं एक ओंजळ पाणी घेण्याची मुभा होती, पोट भरून पिण्याची नव्हती. जगही तसंच आहे, असा त्यांचा भाव. दरबाराशी संबंध मात्र त्यांनी तोडले नाहीत. नासिरजंगाबरोबर ते कर्नाटकाच्या स्वारीवर गेले. १७५० मध्ये जिंजीजवळ नासिरजंग मारला गेला आणि आझाद परत आपल्या तकियात आले.

मग १७५८ आलं. त्यांचे स्नेही शाहनवाज खान, निजामाचे वजीर, फ्रेंच सेनापती बुसीच्या काळातल्या कारस्थानांत औरंगाबादेत मारले गेले. घर लुटलं गेलं. त्या लुटीत एक हस्तलिखित नाहीसं झालं. मुघल अमीर-उमरावांच्या चरित्रांचा तो प्रचंड कोश म्हणजे ‘मआसिरुल उमरा’. शाहनवाज खानांनी वर्षानुवर्षं खपून तो लिहिला होता. आझाद शोधाला लागले. दीर्घ शोधानंतर पानं हाती आली, ती विस्कळीत. त्यांनी ती जुळवली, प्रस्तावना लिहिली, मारल्या गेलेल्या मित्राचं चरित्र लिहून जोडलं. पुढे शाहनवाज खानांचे चिरंजीव अब्दुल हई यांनी १७८० मध्ये ग्रंथ पुरा केला. आज मुघल काळावर लिहिणारा कुठलाही इतिहासकार या कोशाशिवाय पाऊल टाकत नाही. शाहू महाराजांवर, जाधवरावांवर त्यात चरित्रलेख आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचं एवढं मोठं साधन एका मित्राच्या निष्ठेमुळे आपल्या हाती राहिलं. इतिहासाची साधनं गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडलेल्या इतिहासकार राजवाड्यांचं नाव आपण आदराने घेतो आणि घ्यायलाच हवं. त्यांच्या दीडशे वर्षं आधी लुटलेल्या घरातून पानं वेचणाऱ्या माणसाचं नाव का घेत नाही?

इथे कुणी म्हणेल, अध्यक्ष महाशय, हे गृहस्थ बाहेरचे, आणि त्यांनी मराठीत एक ओळ लिहिली नाही. दुसरा आक्षेप खरा आहे. त्यांच्या लेखनाची भाषा मराठी नव्हती, आणि मी त्यांना मराठी कवी ठरवायला आलेलो नाही. पण ‘बाहेरचे’ हा शब्द नवी मुंबईत उभं राहून कुणी उच्चारू नये. १९७० मध्ये सिडको आली, आगरी-कोळ्यांच्या मिठागरांवर आणि भातशेतीवर हे शहर उभं राहिलं, आणि या सभागृहातले बहुतेक जण नोकरीसाठी, व्यापारासाठी, घरासाठी सातारा, लातूर, जळगाव, रत्नागिरी, आझमगढ, मलबार इथून आले. ज्यांची जमीन गेली ते आगरी-कोळी बांधव आणि तळोज्या-पनवेलचे कोकणी मुसलमान इथले मूळचे. आपण बाकीचे पाहुणे होतो, आता घरचे झालो. छत्तीसाव्या वर्षाच्या आसपास येऊन ब्याऐंशीव्या वर्षी इथल्या मातीत गेलेला माणूस बाहेरचा असेल, तर या शहरात घरचं कोण उरेल?

समन्वयाच्या नावाखाली त्यांना गोड करून वाढणाऱ्यांनाही माझा विरोध आहे. आझाद आपल्या सय्यद वंशाचा अभिमान बाळगणारे, श्रद्धेने पक्के मुसलमान होते. पैगंबरांच्या स्तुतीतल्या अरबी काव्यामुळे त्यांना ‘हस्सान-ए-हिंद’ म्हटलं गेलं. मराठ्यांच्या राजकारणाबद्दल त्यांनी कडवट लिहिलं आहे, पेशव्यांच्या कारभाराबद्दल तर फारच. ते वाचताना मला राग येतो, काही ठिकाणी ते अन्यायी वाटतात. पण याच माणसाचा लाडका शिष्य लछमीनारायण शफीक, औरंगाबादचा खत्री, फारसी कवींचे चरित्रकोश लिहितो आणि मराठ्यांचा इतिहासही फारसीत लिहितो. ज्याच्या राजकीय मतांशी आपलं जमत नाही, त्याच्या विद्वत्तेपुढे बसून शिकता येतं, ही रीत त्या शहरात होती. मला आझाद सगळेच्या सगळे हवेत, कडवटपणासकट.

उर्दूतल्या आपल्या विद्वान मित्रांनाही एक सांगतो. आझाद फारसी-अरबीचे, म्हणून ते आमचे, मराठीला त्यात काय कळणार, असा सूर मी ऐकला आहे. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणून हा सूर केव्हाच खोटा पाडला. आणि आपण, मुसलमान मराठी लेखक? आपण आपल्या प्रतिमेबद्दल ठराव करतो, आपल्या ग्रंथांबद्दल करत नाही. वर्तमानपत्रांत आपल्याला कसं दाखवतात यावर परिसंवाद घेतो. दाखवण्यासारखं जे लिहून ठेवलं गेलं आहे, ते वाचायला बसत नाही. ‘सुब्हतुल मरजान’ १८८६ च्या सुमारास शिळाछापावर छापला गेला तो मुंबईत, खाडीच्या पलीकडे. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. त्या छापखान्याच्या शहरात मराठी होती, अरबी होती, दोन्ही जाणणारी माणसं होती. मराठी भाषांतराचं काम झालं नाही.

खुलताबादचं नाव हल्ली एकाच, औरंगजेबाच्या, कबरीवरून घेतलं जातं. मोर्चे निघतात, मजकूर फिरतात, पोलीस बंदोबस्त लागतो. याच गावातल्या बुऱ्हानुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी, मुंतजिबुद्दीन जरजरीजरबक्ष या सूफींची चरित्रं आझादांनी ‘रौजतुल औलिया’त लिहिली. एका बादशहाच्या कबरीवर दोन्ही बाजूंनी इतका आवाज करणाऱ्यांपैकी एकाने तरी पलीकडच्या ग्रंथकाराचं एक पान उलटलं आहे का?

म्हणून ठरावांच्या यादीत मी स्वतः एक ठराव मांडतो आहे आणि तो आज मताला टाकावा अशी संयोजकांना विनंती करतो. ‘सुब्हतुल मरजान’चा पहिला आणि तिसरा भाग मूळ अरबीवरून मराठीत यावा, इंग्रजीवरून नव्हे. अलंकारांच्या भागासाठी अरबी जाणणारा आणि संस्कृत काव्यशास्त्र जाणणारा, असे दोघे एकत्र बसावेत. ‘खजाना-ए-आमिरा’तला मराठ्यांचा भाग टिपांसह पूर्ण छापावा, त्यातला आपल्याला न आवडणारा मजकूर न गाळता. पुढच्या वर्षीचा भोजनाचा आणि मांडवाचा खर्च निम्मा करून त्यातून भाषांतरकाराला मानधन द्यावं, आणि ते आगाऊ द्यावं. ज्यांना हा ठराव मान्य नाही त्यांनी इथे उठून विरोध करावा. मी ऐकायला बसलो आहे.