तीन नंबरचा संगणक



समितीनं मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. वाटचाल म्हणावी असं माझ्याकडे फार काही नाही. पुण्यात दहा बाय बाराचं दुरुस्तीचं दुकान आहे, लोक बंद पडलेली यंत्रं घेऊन येतात, त्यातली काही चालू होतात. त्यामुळे आज मी एकाच संगणकाबद्दल बोलणार आहे. तो तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

आपला संगणक कक्ष आठवतो ना? चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन यायचं, आणि शिवणाच्या बाईंनी शिवलेल्या निळ्या खोळी घडी घालून ठेवायच्या. तीन संगणक आणि आपण छप्पन्न जण. एकानं माउस धरायचा, बाकीच्यांनी त्याला ओरडायचं. वर्षभर आपण डोंगर, सूर्य आणि घर काढलं. खिडकीजवळच्या तीन नंबरला मात्र आपल्याला फारसा हात लावू देत नसत, कारण शाळा सुटल्यावर त्यावर मराठीचे सर बसत.

सरांनी नववीत आपल्याला एक काम दिलं होतं. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून पाच शब्द आणायचे, जे आपल्या पुस्तकात नाहीत. कुणी मोटेचे शब्द आणले, नाडा, धाव, थारोळं. कुणी पाभर आणि चाडं. मुलींनी उतरंड, शिंकाळं, फडताळ असे स्वयंपाकघरातले आणले. सर रोज संध्याकाळी एका बोटानं ते टाइप करत. शब्द, अर्थ, कुणाच्या आजीनं सांगितला, कुठल्या वाडीवरची. दोन महिने चाललं होतं ते. आणि मग एक दिवस तीन नंबर बंद पडला, तो पुन्हा लागला नाही.

एप्रिलमध्ये या मेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही खेळाचं स्टोअर उघडलं, तेव्हा लेझमांच्या ढिगाखाली तो सापडला. खोळ तीच, रंग गेलेला. हेडबाई म्हणाल्या, भंगारात द्यायचाच आहे, न्या. मी तो मांडीवर घेऊन एसटीनं पुण्याला आणला.

बंद संगणक समोर आला की आमच्याकडे एक शिस्त असते. आधी बाहेरचं बघायचं, मग आतलं. प्लग सैल आहे का, वायर तुटली आहे का, सॉकेटला वीज येते का. हसू नका, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारी इथंच मिटतात. मग पेटीची मागची बाजू बघायची. तिथं वर विजेचा भाग असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना बारा, पाच आणि ३.३ व्होल्ट अशी वाटून देतो. जुन्या एसएमपीएसला मागं एक छोटं लाल बटण असायचं. ते एका बाजूला सरकवलं की २३० दिसतं, दुसऱ्या बाजूला ११५. ज्या देशांत वीज ११५ च्या आसपास असते त्यांच्यासाठी ती सोय. बटण खोल बसवलेलं असतं, बोटानं सरकत नाही. पेनाच्या टोकानं सरकतं.

दुकानातल्या पोरानं पेटी फिरवली आणि म्हणाला, "सर, हे ११५ वर कुणी केलंय?"

मी म्हणालो, "असेल कुणीतरी."

मंडळी, ते मी केलं होतं.

नववीत, २००३ च्या फेब्रुवारीत. लोडशेडिंग होतं, तास संगणकाचा आणि वीज नाही. आपण सगळे नुसते बसलो होतो. मी तीन नंबरच्या मागं बसलो होतो आणि हातात पेन होतं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. ते बटण सरकतं का एवढंच बघायचं होतं. ते सरकलं, आणि तेवढ्यात तास संपला.

पुढच्या तासाला वीज आली. शिपाईमामांनी कक्षाचा मेन स्विच वर केला आणि फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो आवाज आठवत असेल, आणि तो जळका वास. बटण ११५ वर असताना २३० ची वीज आत गेली, तर एसएमपीएसमधलं सर्किट तिला दुप्पट करायला बघतं. आतले कपॅसिटर जेवढा दाब सोसू शकतात, त्याच्या कितीतरी वर तो जातो आणि ते फुटतात. हे आज मला माहीत आहे. तेव्हा मला फक्त इतकंच कळलं होतं की आवाज माझ्या बटणातून आला.

मामांना सूचना होती की वीज आल्यावर दहा मिनिटं थांबून मेन स्विच लावायचा, कारण येताना दाब जास्त असतो. ते थांबले नव्हते. ठपका त्यांच्यावर आला. पंधरा दिवसांनी तालुक्याहून दुरुस्तीवाला आला, त्यानं पेटी न उघडता बटण दोनदा दाबून बघितलं आणि मदरबोर्ड गेला असं सांगून मोकळा झाला. त्यानं मागची बाजू एकदा पाहिली असती तरी सगळं कळलं असतं. मी रोज त्या कक्षात जात होतो. ते बटण परत २३० वर करावं एवढंही मला सुचलं नाही, खरं तर हात लावायचं धाडस झालं नाही. म्हणून ते एकवीस वर्षं तसंच राहिलं.

आता पुढचं. आत धुळीचा थर होता, आणि एक पाल, वाळून कागद झालेली. जुना एसएमपीएस काढून टाकला, नवा लावला. नव्याचा प्लग चोवीस पिनांचा आणि बोर्डाची खोबण वीसची, पण चार पिनांचा तुकडा वेगळा निघतो. लावण्याआधी नवाही तपासून घ्यायचा, हिरवी तार काळीला जोडली की पंखा फिरायला हवा. फिरला. बोर्डाला लावला, बटण दाबलं, प्रोसेसरचा पंखा अर्धा वेढा फिरून थांबला. पडदा काळा, आवाज काही नाही.

अशा वेळी मेमरी बदल, हे बदल, ते बदल, असं करत सुटायचं नसतं. मी उलट केलं, मेमरीची पट्टी काढून घेतली आणि बटण दाबलं. बोर्ड जिवंत असेल तर मेमरी नाही म्हणून तो बीप वाजवून तक्रार करतो. या बोर्डानं तक्रारसुद्धा केली नाही. मग भिंग घेऊन बसलो. प्रोसेसरजवळचे पाच कपॅसिटर वरून फुगले होते, एकाच्या डोक्यावर तपकिरी साका. त्या काळात, म्हणजे १९९९ पासून पुढं सात-आठ वर्षं बनलेल्या पुष्कळ बोर्डांत सदोष रसायनाचे कपॅसिटर गेले होते, जगभर. म्हणजे या संगणकाला माझ्या बटणाशिवायही पुढं कधीतरी त्रास झालाच असता. हे कळल्यावर मला क्षणभर बरं वाटलं, ते मी लपवत नाही. पण त्या फेब्रुवारीत तो चालत होता.

तपकीर गल्लीतून पाच कपॅसिटर आणले, १००० मायक्रोफॅरडचे, १०५ अंश सोसणारे. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत, आणि ऋण टोकाची पट्टी चुकली तर पुन्हा फटाका. रात्री दुकान बंद केल्यावर लावले. बटण दाबलं. लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं पुसून बसवले आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. तारीख होती १ जानेवारी २००२. घड्याळाचा बटणसेल संपला की त्या बोर्डाला तीच तारीख आठवते.

हार्ड डिस्क मी मुद्दामच जोडली नव्हती. एकवीस वर्षं न फिरलेली डिस्क कदाचित एकदाच फिरते. ती वेगळी काढून माझ्या मशीनला लावली, आणि काही उघडून न बघता आधी तिची जशीच्या तशी नक्कल उतरवायला घेतली. चाळीस जीबीला सगळी रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ लागला, कारण मध्येच ती एका जागी अडकून टकटक करायची. मी खुर्ची टाकून तिच्यासमोर बसून होतो.

फायली मिळाल्या. उघडल्या तर आत इंग्रजी अक्षरांची खिचडी. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत, फॉन्ट नसला की मराठी दिसतच नाही. सुदैवानं सरांचा फॉन्ट त्याच डिस्कवर होता. तो लावल्यावर पहिली ओळ दिसली, 'थारोळे: मोटेचे पाणी पडते ती जागा'. ते युनिकोडमध्ये आणताना मात्र पहिली वेलांटी आणि रफार यांनी फार छळलं. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, आता नंतर. शेवटी हातानं तपासलं, ओळ न् ओळ.

मे महिन्यात मी मामांच्या घरी गेलो. मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कंचा कम्प्युटर?" त्यांना आठवेना. त्या वर्षी घंटेचा टोल चोरीला गेला होता ते आठवलं. मामी चहा घेऊन आल्या, त्यांना आठवलं. म्हणाल्या, "आठशे कापलं हुतं. चार म्हैनं दोन-दोनशे. थोरलीचं नाव कॉलेजात लेट फी भरून घातलं त्या साली." मी पाकीट पुढं केलं, त्यात पाच हजार होते. मामींनी त्यातले आठशे मोजून घेतले आणि बाकीचे परत दिले. मग चहा प्यायलो. आणखी काही बोलणं झालं नाही. गुडघ्यांमुळे मामा आज आलेले नाहीत, पण त्या गोष्टीत त्यांची चूक नव्हती हे याच शाळेत, सगळ्यांसमोर, माइकवर सांगायचं होतं.

सरांना मी आज सकाळी सांगितलं. ते समोर बसले आहेत. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "ते राहू दे. फायली उघडल्या का ते सांग."

तर सर, फायली उघडल्या. दहा-दहा रोल नंबरांची एक, अशा सहा होत्या. त्यातल्या पाच पूर्ण आल्या आहेत, प्रत तुमच्या पिशवीत ठेवली आहे. माझा रोल नंबर सत्तावीस. माझे चार शब्द आजीचे आहेत, पाचवा मी शाळेत येताना रस्त्यात बनवला होता. त्याच्यापुढं तुम्ही कंसात लिहून ठेवलं आहे, 'हा तपासणे'. तो काढून टाका.

राहिलेली फाइल, एकेचाळीस ते पन्नास, नेमकी डिस्क अडकत होती त्या जागेवर होती. ती आली नाही. त्या दहा जणांपैकी सात जण आज इथं आहेत, मी हजेरीपटावरून बघितलं. तुमच्या आज्या आता नसतील, पण जे आठवेल ते जेवणाआधी सरांना सांगा. सरांनी वही आणली आहे.